पोलादी वड्यांची पेटी

माझी पहिली पक्की नोकरी म्हणजे सामान वाटायची. चिंचवड आणि आकुर्डीच्या मधे, मुंबई रस्त्याच्या कडेला, पाण्याचे पंप बनवणारा एक नवा कारखाना उभा राहत होता आणि मी त्याचा स्टोअरकीपर. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी नगर जिल्ह्यातून मॅट्रिक होऊन आलेलो, वय सव्वीस, अंगात रग आणि जिभेला लगाम नाही. कामावर रुजू होणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या खिडकीशी यायचा. त्याला नंबर द्यायचा, हत्यार नेताना स्टोअरात ठेवायला त्या नंबरचे दहा पितळी बिल्ले द्यायचे, खाकीचा जोड, बूट, हत्यारं, आणि काम करायला जागा. आमच्या मॅनेजर साहेबांनी टाइप करून दिलेल्या यादीत हे सगळं होतं. माझ्या स्टोअरमध्ये नव्हतं.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेडचं निम्मं छप्पर व्हायचं होतं. यंत्रं ज्या खोक्यांतून आली त्या खोक्यांच्या फळ्या ठोकून सुतार टेबलं करायचा, आणि एका टेबलावर चार-चार माणसं कोपराला कोपर लावून कानशी चालवायची. आठवडाभर एक टायपिस्ट टाइपरायटरशिवाय नुसता बसून होता. शेवटी तो कंटाळून माझ्याकडं बिल्ले पुसायला यायला लागला. लोक भांडायचे ते माझ्याशी. मुंबईला मालक, ते उंटावरून शेळ्या हाकणार. साहेब मुंबईला पत्रं लिहिणार. आणि खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणार कोण, तर मी. संध्याकाळी सायकलवरून चिंचवडला खोलीवर जाताना मी दिवसभरातल्या सगळ्यांना एकट्यानं उत्तरं देत जायचो, अगदी मोठ्यानं. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे.

वैशाखात एक दिवस खिडकीशी एक चाळिशीचा, काळा, काटक माणूस आला. धोतर, बंडी, डोक्याला मुंडासं. आकुर्डीचा. कारखान्याला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्या घरटी एका माणसाला नोकरी, असं ठरलं होतं. याची सगळी जमीन गेली होती, बांधसुद्धा राहिला नव्हता. घरात म्हातारा बाप, बायको, तीन मुली. भाऊ नाही, मुलगा नाही. म्हणजे त्या घरातून नोकरीला येण्यासारखा तोच एक. मी त्याला पहिल्या दिवसापासून मामा म्हणायला लागलो, आणि तो मला भाऊसाहेब. त्यांच्याकडं तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायचे. कागद राखणारा तो भाऊसाहेब, असा त्याचा हिशेब.

मी त्याच्यापुढं बूट टाकले. त्याची बोटं पंख्यासारखी पसरलेली, माझ्याकडचा सगळ्यांत मोठा बूटसुद्धा चढेना. मी वैतागलो. तो शांतपणे म्हणाला, ऱ्हाऊ द्या, आपल्याच रानात बूट कशापायी? मग त्यानं सहज बोटानं दाखवलं, तुमची ही खिडकी हाय ना, हितं आमची हरभऱ्याची पट्टी होती. मी त्याच्यावरच ओरडलो की सही करा आणि पुढं सरका. माझं असंच व्हायचं.

नवीन माणसाला सहा महिने कच्चा ठेवायचे. सहा महिने नीट गेले की कायम. वैशाखात लागलेला, म्हणजे दिवाळी झाली की मामा कायम. दर शनिवारी सुटी झाली की तो खिडकीशी यायचा आणि एकच विचारायचा, “किती ऱ्हायलं, भाऊसाहेब?” मी आठवडे सांगायचो. तो मान हलवून जायचा. दुसरा कुठलाही प्रश्न त्यानं मला कधी विचारला नाही. म्हणजे तेव्हा नाही.

पहिले तीन महिने तो पडेल ते काम करायचा. मग श्रावणात विलायतेहून एक लाकडी पेटी आली. साहेबांनी ती मागवून वर्ष होत आलं होतं. साहेब पुण्याचेच, पण विलायतेत शिकून आलेले, मितभाषी. त्यांनी ती माझ्यासमोर उघडली. आत मखमलीच्या खाचांत पोलादाच्या चपट्या वड्या, ऐंशीएक, लहानमोठ्या, आरशासारख्या लखलखीत. प्रत्येक वडी ठरलेल्या जाडीची, केसाच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा फरक नाही. कारखान्यातली सगळी मापं या वड्यांशी ताडून पाहायची. या बरोबर तर पंप बरोबर. त्यांचं इंग्रजी नाव होतं, पण कामगारांनी त्यांना वड्या म्हटलं आणि मग साहेबही वड्याच म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घासून लख्ख केलेल्या पोलादाच्या पट्ट्या मांडल्या आणि सगळ्या कामगारांना रांगेत उभं करून एकेका पट्टीवर पाच बोटं दाबायला लावली. कशासाठी ते सांगितलं नाही. झालं, शेडभर कुजबुज. कारखान्यातून पितळ चोरीला जातंय म्हणून पोलिसांना ठसे द्यायचेत, अशी बातमी उठली. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? दोघं मागच्या मागं सटकले ते दुसऱ्या दिवशी उगवले. पट्ट्यांवर मी ज्याचे त्याचे नंबर घातले आणि त्या फळीवर ठेवून दिल्या. दोन दिवसांनी बघतो तर प्रत्येक पट्टीवर पाच तांबडे ठसे. बोटांच्या घामानं गंज धरला होता. एक पट्टी तेवढी कोरी. तिच्यावर मामाचा नंबर.

साहेब म्हणाले, याच्या हाताला घाम नाही, वड्या याच्याकडंच द्यायच्या. उद्यापासून त्याला मोजणीघरात घ्या.

मी मामाला बोलावून सांगितलं. का निवडलं ते सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. घाम, गंज, पोलाद, काही अवघड नव्हतं. पण मागं सात जण उभे होते, आणि मला थट्टेची खोड. मी म्हणालो, “मामा, तुमच्या हाताला गुण आहे. साहेबांनी पारखलं.”

तो हसला नाही. त्यानं दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि हळूच म्हणाला, व्हय, गावात बी म्हणत्यात. मग मला कळलं की आकुर्डीत पेरणीला पहिली मूठ यांच्या हातची घ्यायचे लोक. दुसऱ्याच्या रानातसुद्धा बोलावणं यायचं. जमीन गेली आणि ते सगळं संपलं होतं. आता कारखान्यानंही तेच ओळखलं, असं त्याला वाटलं. मी हे ऐकलं, मला कळलं, आणि तरी मी ‘अहो तसं नाही’ म्हणालो नाही. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मला ते बोलवेना. शिवाय मागं सात जण.

मोजणीघर म्हणजे कारखान्यातली एकच पूर्ण झालेली खोली. आढ्याला तक्तपोशी, खिडक्यांना काचा, दाराला पडदा. त्या खोलीसाठी साहेबांनी काही कमी पडू दिलं नाही. मामाला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, टेबलावर हिरवी लोकरी बनात, सांबराचं कातडं, पांढरा डगला. त्या कारखान्यात यादीतली प्रत्येक वस्तू मी हातात देऊ शकलो असा तो पहिला माणूस. मला स्वतःलाच इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी कुणावर ओरडलो नाही.

काम सोपं होतं. साहेब वडीवरचा आकडा सांगायचे, मामा ती कातड्यानं धरून उचलून द्यायचा, परत आली की पुसून खाचेत ठेवायचा. आकडे त्याला चार दिवसांत येऊ लागले. संध्याकाळी साहेब स्वतः वड्यांना व्हॅसलीनचा हात द्यायचे, पेटीला कुलूप घालायचे आणि किल्ली माझ्या स्टोअरमधल्या खिळ्याला अडकवायचे. व्हॅसलीन कशाला, हे मामाला कुणी सांगितलं नाही. बैलगाडीच्या आसाला लावतात तसं वंगण, असं त्यानं धरलं असणार. सकाळी आला की तो चपला दाराबाहेर काढायचा, पेटीला हात लावून तो हात छातीशी न्यायचा आणि मग खुर्चीवर बसायचा. साहेब ते बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत. त्यांना ते आवडत असावं.

खंडेनवमी आली. साहेबांनी शेडमध्ये पूजेला परवानगी दिली आणि स्वतः चार दिवसांसाठी मुंबईला मालकांकडं गेले. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलला हळदकुंकू, नारळ फुटले, सगळं यथासांग. माझं मात्र त्यात लक्ष नव्हतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर चौदा नवीन माणसं रुजू होणार होती. चौदाही जणांना मुहूर्त साधायचा होता, मग कारखाना बंद असला तरी चालेल, नंबर आणि बिल्ले दसऱ्यालाच पाहिजेत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. खाकीचे जोड नऊ, स्टुलं सहा, बूट एकाच मापाचे. सुतार पूजेचं कारण सांगून गायब. मी फळ्या मोजत जमिनीवर बसलो होतो, तोंडानं शिव्या चालू होत्या, तेवढ्यात खिडकीशी मामा.

आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आला होता. हातात तांब्या, खांद्याला पिशवी. म्हणाला, पेटीची पूजा करायची ऱ्हायली, किल्ली द्या.

मी वर न बघता म्हणालो, “घ्या ना, खिळ्यालाच आहे. करा काय करायचं ते, पण माझं डोकं खाऊ नका.”

मला वाटलं, पेटीला बाहेरून दोन बोटं कुंकू लावेल, फूल वाहील. मी तेव्हा हेच स्वतःला सांगितलं आणि पुढं कित्येक वर्षं सांगत राहिलो. पण कुलपाची किल्ली बाहेरून कुंकू लावायला कशाला लागते? एवढं मला कळत नव्हतं असं नाही. मोजणीघर माझ्यापासून पंचवीस पावलांवर होतं. मी उठलो नाही. तासाभरानं त्यानं किल्ली आणून खिळ्याला अडकवली आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी तो खात खात फळ्या मोजल्या.

दसऱ्याला मी चौदा माणसं कशीबशी रुजू करून घेतली. पाच जणांना खाकी नव्हती, त्यांना बिल्ल्यांबरोबर आपट्याचं पान देऊन वाटेला लावलं. ती थट्टा फार गाजली.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी साहेब परत आले. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे लोक माल पाहायला येणार होते, म्हणून त्यांनी आल्या आल्या मोजणीघर उघडलं. मला किल्ली घेऊन बोलावलं. मामा आधीच दाराशी उभा होता, चपला काढून. किल्ली त्यानं माझ्या हातातून घेतली आणि पेटी स्वतः उघडली, अगदी घरात नवी सून दाखवावी तशी.

आत सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या. त्याखाली प्रत्येक वडीवर एक कुंकवाचा टिळा, मधोमध, सगळे एका मापाचे. ऐंशी टिळे. आणि प्रत्येक टिळ्याच्या भोवती, खाली, कडांना, तपकिरी पट्टा चढलेला. काही वड्या मखमलीला चिकटल्या होत्या.

साहेबांनी एक वडी उचलली, अंगठ्यानं पुसली. टिळा गेला, खालचा डाग गेला नाही. दुसरी उचलली. तिसरी. मग ते खुर्चीवर बसले, मामाच्या खुर्चीवर, आणि विचारलं, हे कुणी केलं?

“म्याच केलं, साहेब,” मामा म्हणाला. त्याला वाटलं पूजा कुणी बांधली ते विचारतायत. मग तो कौतुकानं सांगायलाच लागला. वंगणानं वड्या बरबटल्या होत्या, म्हणून आधी रिठ्याच्या पाण्यानं एकेक धुतली. मग तांब्यातल्या पाण्यानं आंघोळ, मग दुधाचा हात, मग हळदकुंकू, अक्षता. पूजेचं हत्यार दसरा होईस्तोवर हलवायचं नसतं, म्हणून तसंच ठेवून पेटी लावून घेतली. आमच्या नांगराच्या फाळाला बी आमी असंच करतो.

बोलता बोलता त्यानं साहेबांच्या तोंडाकडं पाहिलं. मग माझ्या. मग वड्यांकडं. लोखंडाचा गंज शेतकऱ्याला कळत नाही असं थोडंच आहे? फाळ गंजतो, तो घासला की उजळतो आणि जमिनीत गेला की आणखी उजळतो. त्यानं पिशवीतून फडकं काढलं आणि एक वडी घ्यायला हात पुढं केला. घासून देतो, म्हणाला. साहेबांनी त्याचा हात धरला. घासून चालणार नव्हतं. केसाच्या शंभराव्या भागाचा प्रश्न होता.

साहेब ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते नुसते पेटीच्या झाकणाकडं बोट करून म्हणाले, “इथं लिहिलंय सगळं.”

झाकणाच्या आतल्या बाजूला एक छापील कागद चिकटवलेला होता. बारीक इंग्रजी, चौकटीत. त्या कागदावरही वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट होतं. मामानं तो काहीतरी देवाधर्माचा धरला होता. विलायतेच्या लोकांनी पेटीत घातलेला मंत्र म्हणा, स्तोत्र म्हणा. सकाळी पेटी उघडली की तो त्यालाही हात जोडायचा, हे मला तेव्हा उमगलं.

आणि तो कागद मी वाचलेला होता. पेटी आली त्या दिवशी, यादीप्रमाणे सामान मोजून घेताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इंग्रजी वाचता येणारे कारखान्यात आम्ही तिघंच. साहेबांना वाटलं स्टोअरकीपरनं सांगितलं असेल. मला वाटलं ते साहेबांचं काम. तिसरा टायपिस्ट, त्याला पेटीशी कर्तव्य नव्हतं.

मी म्हणालो, “साहेब, किल्ली मी दिली.”

ते म्हणाले, “मला माहीत आहे. किल्ली तुमच्याच खिळ्याला असते.”

मग मामाला त्यांनी बाहेर जायला सांगितलं आणि मला म्हणाले की नव्या वड्या यायला आठ-दहा महिने लागतील, तोवर गिऱ्हाईक थांबणार नाही, आणि मुंबईला आज कळवावंच लागेल. पत्र मी लिहायला घेतलं. मामाला काही माहीत नव्हतं, त्याला सूचना दिल्या नव्हत्या, किल्ली माझ्या हातून गेली, असं मी स्वच्छ लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि ती तीन वाक्यं पेन्सिलीनं खोडली. म्हणाले, तुम्हाला काढलं तर त्या चौदा माणसांना सामान कोण देणार, मी? आणि मला काढलं तर हा कारखाना कोण उभा करणार? मुंबईला एक नाव पाहिजे असतं. जो अजून कायम झालेला नाही त्याचं नाव देणं सगळ्यात सोपं.

मी म्हणालो, त्याची जमीन या शेडखाली आहे, आणि दिवाळी झाली की तो कायम होणार होता. ते म्हणाले, ठाऊक आहे. त्यांचे डोळे लाल झाले होते, ते मी पाहिलं. त्यामुळं माझा राग कुणावर काढायचा तेही मला कळेना. बाहेर येऊन मी सुतारावर ओरडलो.

आठ दिवस उत्तर आलं नाही. तेवढे दिवस मामा शेडमध्ये झाडू मारत होता. शनिवारी तो नेहमीसारखा खिडकीशी आला, उभा राहिला, आणि या वेळी काही विचारलं नाही. मी आपणहून म्हणालो, दोन आठवडे राहिले, मामा. मला वाटायचं, उत्तर यायला दोन आठवडे लागले तर दिवाळी उलटेल, तो कायम होईल, मग कुणाला सहज काढता येणार नाही. मी पोस्टमन दिसला की आत जायचो. चाळीस माणसांच्या कारखान्यात, मॅट्रिक झालेला बाप्या, पोस्टमनला बघून लपत होतो.

उत्तर दिवाळीच्या नऊ दिवस आधी आलं. एका ओळीचं.

सोडून जाणाऱ्या माणसाकडून सामान परत घ्यायचं कामही माझंच. दुपारी मामा खिडकीशी आला. खाकी धुऊन, पाण्याचा हात फिरवून घडी घातलेली. बिल्ले चिंचेनं घासलेले, दहाच्या दहा. पांढरा डगला कागदात गुंडाळलेला. एकेक वस्तू तो माझ्यापुढं ठेवत होता आणि मी रजिस्टरात खूण करत होतो. मी तोंडातल्या तोंडात बोललो की मामा, माझं चुकलं, मी साहेबांना सांगितलं होतं, पत्रातही लिहिलं होतं. तो म्हणाला, तुमी तरी काय करणार. अगदी सरळ म्हणाला, कुत्सित नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी गत झाली होती आणि चोर खिडकीच्या आत बसून सही घेत होता.

त्यानं अंगठा नाही, सही केली. दुसरीपर्यंत शाळा झाली होती त्याची, एकेक अक्षर काढत केली. मग तो जाईना. मला वाटलं काही मागायचं असेल. एखादा चिठ्ठीचपाटीचा तुकडा, दुसऱ्या कारखान्यासाठी. मी तयार होतो, मी दहा चिठ्ठ्या दिल्या असत्या.

तो म्हणाला, “भाऊसाहेब, त्या कागदावर काय लिवलंय, तेवढं वाचून दावा.”

पेटी माझ्याच स्टोअरमध्ये होती, निकामी म्हणून सुतळीनं बांधून फळीवर ठेवलेली. मी ती काढली, सुतळी सोडली, झाकण उभं केलं. कुंकवाचं बोट तसंच होतं. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेलो. वड्यांना पाणी लागू देऊ नये. उघड्या बोटांनी धरू नयेत. काम झाल्यावर पेट्रोलच्या फडक्यानं पुसाव्यात. पुसल्यावर व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. एकमेकींना चिकटलेल्या ठेवू नयेत. पेटी उन्हात आणि ओलीत ठेवू नये.

तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, आणि एकदा. मी पुन्हा वाचलं.

मग त्यानं डोळे उघडले नाहीत, तसाच खिडकीच्या फळीवर हात ठेवून म्हणायला लागला. पानी लागू देऊ नये. उघड्या बोटानं धरू नये. काम झाल्यावर पेट्रोलच्या फडक्यानं पुसावं. मग व्हॅसलीनचा पातळ हात. एकमेकीला चिकटून ठेवू नये. पेटी उनात न्हाई, ओलीत न्हाई. सहाच्या सहा, ओळीनं, एकही सूचना मागंपुढं न होता. माझ्या मागं उभा असलेला टायपिस्ट कागदाकडं बघून ताडत होता, त्यालाही चूक सापडली नाही.

“एवढंच हाय न्हवं?” मामानं विचारलं.

“एवढंच,” मी म्हणालो.